पालखीपुढं उलटं चालणारे

मिरजेहून निघताना आईनं धपाट्यांचा डबा हातात कोंबला आणि बजावलं, "केशवरावांच्या गावाला रेल्वे नाही, तिथं काही मिळायचं नाही. वाटेतच खाऊन घे." आई पुण्याच्या पुढं कधी गेलेली नाही, पण कुठल्या गावात काय मिळत नाही हे तिला घरबसल्या ठाऊक असतं. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते. परीक्षा उरकल्या होत्या, आणि सुमनताईचा फोन आला होता. "चैत्रातली पालखी आहे. तुझ्या भाऊजींनी गावच्या बँडसाठी नवी चाल बांधलीय. तू ये बाई. मला एकटीला त्यांचं तोंड बघवत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी तिकीट काढलं.

सुमनताई माझी मावसबहीण, आणि केशव देसले तिचे यजमान. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडं पुष्कळ नाकं मुरडून झाली होती. मुलगा काय करतो, तर सिनेमाच्या गाण्यात मागं बसून क्लॅरनेट वाजवतो! आता तीच नाकं भाऊजींचं नाव निघालं की वर होतात. त्यांची हकीकत थोडक्यात सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

भाऊजी डोळखांबच्या पुढच्या डोंगरातले. वडील लवकर गेले. चुलते धर्मा मास्तर यांचा लग्नावरातीत वाजणारा बँड होता. त्यांनीच पोराला वाढवलं आणि क्लॅरनेट ओठाला लावून दिलं. मिसरूड फुटायच्या आत पोरगा असा वाजवायला लागला, की लोक नवरदेव सोडून त्याच्याकडं बघत. मग मुंबई. तिथं एका गोवेकर मास्तरांनी स्वरलिपी शिकवली, रेकॉर्डिंगला नेलं, मोठ्या वाद्यवृंदात क्लॅरनेटच्या खुर्चीवर बसवलं. सगळं सुरळीत चाललेलं असताना घाटात जीप उलटली आणि भाऊजींचे पुढचे दात गेले. क्लॅरनेटला ओठ लागतो तसे दातही लागतात. कवळी लावून तो सूर काही परत येईना. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. भाऊजी वाद्यवृंदाच्या संचालकांचे मदतनीस झाले. प्रत्येक वाद्याची ओळ हातानं उतरवायची, पाठ करायची, असं करता करता एक दिवस स्वतःच छडी घेऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. एकोणीसशे नव्वदनंतर की-बोर्ड आले आणि रेकॉर्डिंगच्या हॉलमधल्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा घरी बसल्या. त्यातल्याच लोकांना गोळा करून भाऊजींनी आपला वाद्यवृंद उभा केला आणि त्यांच्यासाठी लिहायला लागले. मी त्यांना दादरला एकदा ऐकलंय. एवढा बुटका माणूस, पण हात वर केला की सभागृहात कुणी खोकत नाही. मला रडू फुटलं होतं, आणि मी काही उठसूट रडणाऱ्यातली नव्हे.

तर सकाळी कल्याणला उतरले आणि मुरबाडची एसटी धरली. मुरबाडला धपाटे संपवले (आईचं ऐकलं म्हणायला हरकत नाही) आणि जीपच्या अड्ड्यावर गेले. जीप भरलेली होती. म्हणजे मला भरलेली वाटत होती. ड्रायव्हर दरवाजाला टेकून म्हणाला, "अजून चार शीट पायजेत."

"कुठं बसवणार? माझ्या डोक्यावर?"

"टपावर हाय ना जागा, मॅडम."

चार शीट आल्या, टपावर गेल्या, आणि आम्ही सरळगाव, किन्हवली करत निघालो. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) पाटी. गाडी हलली की पाटी माझ्या अंगावर कलायची. दोन्हीकडं भाताची खाचरं कोरडी ठाक पडलेली आणि मधेच काळे चौकोन. ते राब. पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा भाजून ठेवतात. वाऱ्यावर त्याचा धुरकट वास येत होता, आणि मोहाचा गोड वास त्यात मिसळलेला. समोर एक मोठा थोरला डोंगर उभा राहिला. म्हातारी म्हणाली, "त्यो आजोबा." डोंगराचं नावच आजोबा! मला ते फार आवडलं.

"कुनाकडं जायाचं गो बाय?" तिनं विचारलं.

"केशव देसल्यांकडं."

"धर्मा मास्तरचा पुतन्या? त्यो हातवारं करतो त्यो?"

मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं, की हातवारे नाहीत ते, पन्नास वाजवणाऱ्यांना एकत्र चालवणं सोपं नसतं.

"मंग वाजवतो कोन?"

"बाकीचे वाजवतात."

"आनि हार कोनाला?"

"हार... त्यांना."

"बरं हाय बाबा!" म्हातारी म्हणाली, आणि सगळी जीप हसली. मीही हसले. काय करता?

डोळखांबला भाऊजी उन्हात छत्री धरून उभे होते. "काय मेव्हणीबाई, मिरज ओस पाडून आलात?"

"तुम्ही बोलावलं नाहीत, ताईनं बोलावलं. तुमचं तोंड बघवत नाही म्हणाली."

ते हसले, पण नेहमीसारखे नाही. पाऊलवाटेनं गावाकडं जाताना मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "काकांना दम्यानं घेरलंय गं. आणि मला अजून त्यांना काही ऐकवायचं राहिलंय." एवढंच बोलले. मग मला करवंदीच्या जाळ्या दाखवत बसले.

घर कुडाचं, सारवलेलं, पुढं ओटी (पडवी). ओटीवर धर्मा मास्तर बसलेले. हाडं नि धोतर, बाकी माणूस असा नाहीच. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. पण आवाज! समोर मोठा ढोलवाला रघू ढोल आवळत होता, त्याच्यावर तोफ चालू होती. "अरे बैला, कातडं आवळतोस का कोंबडीची मान? पालखीला जायचाय तो ढोल, मयताला नाय!" रघू दात काढून हसत होता. ट्रंपेटवाल्याची खबर घेऊन झाली, झांजवाल्याची झाली. मग भाऊजी पायरी चढले तसा म्हाताऱ्याचा आवाज एकदम मऊ. "आलाव का? ऊन लागलं आसंल. पानी द्या रं तेंना."

मला काही ते बरं वाटलं नाही. आत चुलीपाशी ताई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, तिला मी म्हटलं, "काका भाऊजींशी असं काय बोलतात? तलाठी आल्यासारखं!"

ताईनं भाकरी तव्यावर टाकली. "अगं, मामंजी ज्याला शिव्या घालतात तो त्यांचा. ज्याच्या हातात वाद्य त्याला शिव्या. ह्यांचं क्लॅरनेट सुटलं त्या दिवसापासून एक शिवी नाही. ह्यांनी काहीही ऐकवलं तरी 'छान.' पाहुण्याला म्हणतात तसं छान. माणूस किती वर्षं पाहुणा म्हणून राहील गं स्वतःच्या घरात?" मग तिनं नाक पुसलं आणि धूर फार झालाय म्हणाली. धूर बेताचाच होता.

जेवायला सुकट-कैरी आणि भाकरी. आईचं म्हणणं साफ खोटं ठरलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणताना जीव तुटला.

दुपार कलल्यावर शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. भाऊजींनी बाकं अर्धगोलात मांडून बँडवाल्यांना बसवलं होतं. प्रत्येकाला त्याची ओळ गुणगुणून शिकवून झाली होती, प्रत्येकाला ती पाठही होती. भाऊजींनी हात वर केला, खाली आणला, आणि जे काही झालं त्याला संगीत म्हणायला माझ्या शाळेतल्या मुलीही तयार झाल्या नसत्या. ट्रंपेट पुढं पळालं, झांजा मागं राहिल्या, रघूचा ढोल कुणाच्याच बापाचा नव्हता. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. भाऊजींच्या कपाळावर घाम. मी खांबाला टेकून पायाच्या नखाकडं बघत राहिले.

शेवटी रघूच अवघडून म्हणाला, "भाऊ, एक बोलू? आमी बसून कदी वाजवलं नाय. पाय हालल्याबिगर हात हालत नाय आमचा."

भाऊजींनी ताडकन कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मुंबईत खुर्च्या मोजता मोजता मीच विसरलो की रे! उठा, उठा सगळे. बाकं करा बाजूला."

मैदानात सगळे चालायला लागले, आणि समोर भाऊजी, त्यांच्याकडं तोंड करून, उलटं चालत. आणि काय सांगू तुम्हाला! तीच माणसं, तीच वाद्यं. संथ चाल होती, ढोलाच्या पावलावर बँडमधल्या एका पोराचं क्लॅरनेट हळूच चढायचं आणि ट्रंपेट ते अलगद उचलून घ्यायचं. विहिरीवरून हंडे घेऊन निघालेल्या बायका वाटेत थबकल्या. मी शाळेतली बाई असून पोरांसारखी त्यांच्या मागं मागं चालत होते.

काका काठी टेकत कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. चाल संपली तसे भाऊजी त्यांच्याकडं गेले. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे असे झाले होते, की मला बघवेना.

"छान," काका म्हणाले. "मोठी मानसं तुमी. छानच आसनार." आणि खोकत खोकत घरी गेले.

भाऊजी बराच वेळ बाकं जागेवर लावत बसले.

संध्याकाळी पंच मंडळी ओटीवर आली. इथली रीत अशी, की गावदेवीची पालखी देवळातून निघून नदीच्या डोहापर्यंत जाते. बँड पुढं, पालखी मागं. बँडवाले पुढं बघून चालतात, म्हणजे देवीकडं सगळ्यांची पाठ होते. म्हणून त्यांच्या वतीनं एकानं देवीकडं तोंड ठेवायचं. तो मास्तर. सगळी वाट तो उलटं चालतो, वाजवत. आणि डोह येईस्तोवर बँड थांबता कामा नये. थांबला तर पालखी मागं फिरवून देवळापासून पुन्हा सुरुवात, आणि वर्ष वाईट जाणार ही भीती वेगळीच. पंचांचा सवाल रास्त होता: मास्तरला दम पुरंल का? नाय पुरला तर म्होरं कोन?

कुणीतरी भाऊजींचं नाव काढलं. एक पांढऱ्या मिशांचे पंच मान हलवत म्हणाले, "केशवचा राग नाय. पन हातात वाद्य नाय त्याला देवीम्होरं मास्तर म्हनून उभा करायचा कसा? आजवर झालं नाय."

"मीच चालनार," काका म्हणाले. "संपला विषय." भाऊजी भिंतीला टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी पालखी उठली. गुलाल, ढोल, अंगात आलेल्या दोघी, नवी लुगडी. आणि सगळ्यांपुढं धर्मा मास्तर, पांढरं शुभ्र धोतर, ओठाला क्लॅरनेट, उलट्या पावलांनी. उलटं चालणाऱ्याला वाट दिसत नाही, म्हणून त्याच्या कमरेला उपरणं बांधतात आणि घरचं एक माणूस मागून ते धरून त्याला दगडधोंड्यांतून नेतं. ह्या कामाला वाद्य लागत नाही. ते भाऊजींकडं होतं. बँड सिनेमातली उडती गाणी वाजवत होता, कारण काकांना तीच हवी होती. मी नि ताई बाजूनं चाललो होतो, ताईच्या हातात आरतीचं ताट.

देवळापासून वेशीपर्यंत काका असे वाजवत गेले, की मला पंचांचा रागच आला. मग डोहाकडचा उतार लागला. खडी, धूळ, वरून ऊन. वडाच्या वळणावर काकांचं क्लॅरनेट एकदा तुटलं. परत लागलं. परत तुटलं. आणि मग लागलंच नाही. काकांचं तोंड उघडं, छाती भात्यासारखी, पाऊल अडखळलेलं. वाजवणाऱ्यांचे डोळे त्यांच्यावर; ट्रंपेट डळमळलं, झांज चुकली. मागं भोई पालखी घेऊन अंगावर आलेच होते. एका क्षणात सगळं थांबणार होतं.

भाऊजी उपरणं सोडू शकत नव्हते, सोडलं तर म्हातारा पडला असता. त्यांनी फक्त मान वळवून हाक मारली, "सुमन!"

ताईनं आरतीचं ताट माझ्या हातात आदळलं, पदर खोचला आणि धावत जाऊन उपरणं धरलं. घरची सून, म्हणजे घरचंच माणूस! भाऊजी पुढं आले, डावा हात काकांच्या पाठीमागून घालून त्यांना तोललं, उजवा हात वर केला. रिकामा हात. आणि उलटं चालू लागले.

सगळे डोळे त्या हाताकडं वळले. भाऊजींनी तळवा खाली दाबला तसा ढोल हलका झाला, बोटं जरा उघडली तशी ती कालची संथ चाल कुठूनशी वर आली. उडत्या गाण्यावर काकांचे पाय पडतच नव्हते. ह्या चालीवर पडायला लागले. एक पाऊल, श्वास. एक पाऊल, श्वास. अख्खी पालखी त्या म्हाताऱ्याच्या श्वासानं चालायला लागली. माझ्या हातात ताट होतं, त्यामुळं डोळे पुसता येईनात. गालावरून वाहू दिलं. पांढऱ्या मिशांचे पंच माझ्या शेजारीच होते. त्यांनी वाटेतला एक मोठा दगड पायानं बाजूला केला.

डोहाशी पालखी टेकली. काका पाण्यात पाय सोडून बसले, श्वास जागेवर येईस्तोवर बसून राहिले. भाऊजी दोन हात अंतरावर उभे. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, रघूनं तर उचललंच. काका बैलगाडीतून घरी आले, पेज प्यायले, भिंतीकडं तोंड करून झोपले. "छान" सुद्धा म्हणाले नाहीत. भाऊजींना जेवण गेलं नाही.

सकाळी मी पिशवी भरत होते, तेव्हा ओटीवरून जो आवाज आला त्यानं माझ्या हातातला तांब्या पडला.

"गाढवा! वडाच्या वळनावर ढोल दाबलास कशाला?"

मी नि ताई दाराशी धावलो. काका उठून बसले होते, काठी आपटत होते. समोर भाऊजी, दात घासायचा ब्रश हातात, तोंडाला फेस.

"काका, तुमचा श्वास..."

"माझा श्वास गेला खड्ड्यात! भोई कशावर पाय टाकतात? तुज्या त्या पिपानीवर? ढोलावर टाकतात! ढोल दाबला तर मानूस उतारावर पाय कशावर ठेवनार? एवडी वर्सं ममईत राहून शेन खाल्लंस काय?"

भाऊजींचा चेहरा मी कसा सांगू? दादरला लोक त्यांच्यासाठी उभे राहिले होते तेव्हा मी तो पाहिलाय. तेव्हा हे तेज नव्हतं. ते फेस थुंकून असे काही उसळले! "ढोल दाबला नसता तर चाल ऐकू आली असती का? आणि ट्रंपेट तुम्ही नेहमीच उशिरा घेता, लहानपणापासून सांगतोय!"

"मला शिकवतो! काल जन्माला आलेलं पोर!"

ते काल जन्माला आलेलं पोर साठीला टेकलेलं होतं. रघू कामासाठी आला होता, तो दोघांच्या मधे सापडला आणि दोघांच्याही शिव्या खाऊन खळ्यात जाऊन बसला. ताई चौकटीला धरून रडत होती. मी म्हटलं, "अगं, आवर त्यांना. काकांना दम लागेल."

"लागू दे," ती म्हणाली. "नको बाई आवरायला."

जीपची वेळ झाली. कुणी मला पोचवायला यायच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि मला त्याचा एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. ताई वाटेपर्यंत आली. मागं ओटीवर भांडण जोरात होतं, आणि त्यातच काकांचा आवाज सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा आला:

"फुडल्या वर्साला ढोल दाबलास ना, तर देवीम्होरनं हाकलून देईन तुला!"

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. पुढल्या वर्षाला. देवीपुढून. म्हातारा मान देऊन बसला होता, आणि भाऊजी आपले अजून ढोलाबद्दलच तावातावानं उत्तर देत होते. त्यांच्या कानावरून ते साफ गेलं होतं.

"सांगून येऊ का त्यांना?" मी म्हटलं.

ताईनं माझा हात धरला. "आत्ता नको गं. भांडू दे अजून थोडं."

परत जाताना शहापूरमार्गे गेले, आसनगावला लोकल धरून कल्याणला आले, आणि रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसून त्या दोघांचं भांडण मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. भाऊजींचे मोठे कार्यक्रम मी ऐकलेत, पुढंही ऐकेन, आणि त्यांच्यासारखा माणूस आमच्या घरात आहे ह्याची ऐटही मिरवीन. मिरजेला शाळेतल्या बाईंनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" मी म्हटलं, कार्यक्रम कसला, एका माणसाला त्याच्या घरच्यांनी पुन्हा वाजंत्री म्हणून घेतलं, ते बघून आले.